उन्हाचे मलम कसे निवडावे?

क्रिकेटच्या मैदानावर खेळाडूंच्या नाकागालांवर दिसणारा पांढरा लेप बहुधा झिंक ऑक्साइडचा, म्हणजे जस्ताच्या भस्माचा असतो. तो सोंगासारखा दिसतो खरा. पण त्वचेच्या वरच राहून सूर्याचे अतिनील किरण अडवितो. ऑक्सिबेन्झोनसारखी द्रव्ये मात्र त्वचेतून रक्तात उतरतात. तेवढ्याने ती घातक ठरत नाहीत. तथापि २०१९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १६ द्रव्यांपैकी झिंक ऑक्साइड व टिटॅनियम डायऑक्साइड ही दोनच निर्धोक मानण्याचा प्रस्ताव मांडला आणि १२ द्रव्यांविषयी अधिक पुरावा मागितला.

डबीवरील ‘एसपीएफ’च्या आकड्याचे फार कौतुक नको. त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी ३० अंकाचे मलम सुमारे ९७ टक्के अडविते, ५० अंकाचे ९८ टक्के. आणि हा हिशेबही सढळ लेपाचा! सहा महिन्यांखालील बाळाला सावली व सुती टोपडेच बरे.