रिलेला दारं किती असावीत?

मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघालं की जुन्या सहा क्रमांकाच्या, आता ५३ झालेल्या राष्ट्रीय महामार्गावर वडनेर भोलजी लागतं. या गावातला कुठलाही स्मार्टफोन घेतला, तरी इंटरनेटच्या लेखी त्याला बहुधा दोन पत्ते असतात. एक जुन्या, आयपीव्ही-४ पद्धतीचा. तो फोनचा स्वतःचा नसतोच. कंपनी एकच पत्ता कितीतरी ग्राहकांत मिळून वापरते. दुसरा नव्या, आयपीव्ही-६ पद्धतीचा, लांबलचक आणि त्या जोडणीपुरता. फोनवाल्याला यातलं काही ठाऊक नसतं आणि ठाऊक असायची गरजही नसते. व्हॉट्सॲप चालतं, कपाशीचा भाव दिसतो, काम झालं.

पण एका यंत्राने आपले किती पत्ते जगाला सांगावेत, या प्रश्नावर एका जाळ्याच्या अभियंत्यांनी दहा-पंधरा वर्षं खल केला आहे. त्या जाळ्याचं नाव टोर. प्रश्न किरकोळ वाटतो. तसा तो नाही, आणि त्याचा एक धागा थेट वडनेरसारख्या गावापर्यंत येतो.

टोरची ओळख थोडक्यात. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या मध्यावर पॉल सिव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी मूळ कल्पना मांडली. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सिव्हरसनबरोबर टोर उभारलं. त्याचा मूळ शोधनिबंध २००४ चा. जगभरचे स्वयंसेवक आज हजारो ‘रिले’ चालवतात, म्हणजे दुसऱ्याची माहिती पुढे ढकलणारी यंत्रं. तुमची माहिती एकावर एक तीन वेष्टनांत गुंडाळली जाते आणि तीन रिलेंमधून जाते. पहिल्याला तुमचा पत्ता कळतो, पण तुम्ही कुठे निघालात ते कळत नाही. शेवटच्याला मुक्काम कळतो, माणूस कळत नाही. मधल्याला यातलं काहीच कळत नाही. पत्रकार आणि त्यांना आतली कागदपत्रं पुरवणारे हे जाळं वापरतात, तसेच अमली पदार्थांचे व्यापारीही वापरतात; ‘सिल्क रोड’ नावाचा असा बाजार २०१३ मध्ये अमेरिकेने बंद पाडला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवण्यात अर्थ नाही.

आता पत्त्यांकडे. टोरमध्ये प्रत्येक रिले स्वतःचं एक वर्णनपत्र प्रसिद्ध करतो : माझा आयपी पत्ता हा, मी या पोर्टवर ऐकतो, माझी किल्ली ही. पोर्ट म्हणजे त्याच पत्त्यावरचा दरवाजा क्रमांक. नऊ विश्वस्त यंत्रं ही वर्णनपत्रं तपासतात आणि दर तासाला मतैक्याने एक यादी काढतात. टोर वापरणारा प्रत्येकजण तीच यादी उतरवून घेतो आणि तिच्यातून आपले तीन रिले निवडतो.

सुरुवातीला वर्णनपत्रात एकच पत्ता आणि एकच पोर्ट मावत असे. टोरचा नेहमीचा पोर्ट ९००१. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरकारी कचेरीत, कंपन्यांच्या जाळ्यांत बाहेर जायला बहुधा ८० आणि ४४३ हे दोनच पोर्ट मोकळे असतात, वेबपानांचे. तिथल्या माणसाला ९००१ वरचे सगळे रिले असून नसल्यासारखे. अशा वापरकर्त्यांसाठी टोरमध्ये एक खास सेटिंग होतं आणि त्याचं अधिकृत नाव ‘फॅसिस्ट फायरवॉल’ असं होतं. अभियंत्यांचा राग असा कधीकधी सेटिंगच्या नावात उतरतो.

मग सगळ्यांनी ४४३ च का वापरू नये? कारण ज्या सर्व्हरवर रिले चालतो तिथे ४४३ वर आधीच एखादी वेबसाइट बसलेली असते. शिवाय युनिक्स घराण्याच्या यंत्रांत १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायला मुख्य प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि सावध माणूस टोरला तेवढे अधिकार देत नाही.

२००७ मध्ये मॅथ्यूसन यांनी एक प्रस्ताव लिहिला : रिलेला एकाच वेळी अनेक पोर्ट जाहीर करू द्या. हायवेवरच्या ढाब्याला पुढचं दार रस्त्यावर आणि मागचं गावठाणाच्या गल्लीत असतं, पण पाटी पुढच्याच दारावर असते. रस्त्याचं काम निघून पुढचं दार अडलं की गिऱ्हाईक ढाबा बंद समजून पुढे जातं. मागच्या दारावरही पाटी लावा, एवढंच त्या प्रस्तावाचं म्हणणं.

असा प्रस्ताव मांडता आला तो टोरने रिलेची ओळख त्याच्या पत्त्यावर ठेवली नव्हती म्हणून, आणि मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. रिलेची ओळख म्हणजे त्याची गुप्त किल्ली. त्या किल्लीच्या जोडीच्या जाहीर किल्लीपासून ४० अक्षर-अंकांचा एक ठसा निघतो आणि तोच रिलेचं खरं नाव. उद्या कोणी मधल्यामध्ये तुमची जोडणी वळवली आणि त्याच पत्त्यावर भलतंच यंत्र उभं केलं, तरी त्याच्याकडे किल्ली नसल्याने ते पहिल्याच हस्तांदोलनात उघडं पडतं. उलट रिलेने घर बदललं, शहर बदललं, किल्ली तीच ठेवली, तर तो तोच रिले. पत्ता म्हणजे फक्त पोचायची वाट. ओळख आणि वाट अशा वेगळ्या झाल्या की वाटा कितीही असू शकतात.

असाच वेगळेपणा टोरच्या सेटिंगमध्येही उतरला. रिले चालवणारा सांगू शकतो की ४४३ जाहीर कर पण तिथे ऐकू नकोस, आणि आतल्या ९०९० वर ऐक पण तो कुणाला सांगू नकोस. बाहेरून ४४३ वर आलेली जोडणी यंत्र गुपचूप ९०९० कडे वळवतं. मुख्य प्रशासकाचे अधिकार टोरला न देताही काम होतं.

पोर्टांचा प्रश्न असा आडवाटेने बराचसा सुटला, तोवर पत्त्यांचाच तुटवडा पडला. आयपीव्ही-४ मध्ये एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाच्या लोकसंख्येहून कमी. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले आणि एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचं वाटप शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आलं. त्याच वर्षी मॅथ्यूसन यांनी दुसरा, अधिक व्यापक प्रस्ताव मांडला : एका रिलेला अनेक पत्ते, त्यात आयपीव्ही-६ सुद्धा. भारताच्या दूरसंचार खात्याने आयपीव्ही-६ कडे जायचा आराखडा २०१० मध्येच काढला होता, पण खरी उडी सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर पडली. आज आयपीव्ही-६ च्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. श्रीमंत देशांतल्या कित्येक कचेऱ्या जुन्या पत्त्यांवर तरून गेल्या. आपल्याकडे कोट्यवधी माणसं उशिरा आली, त्यांच्यासाठी जुने पत्ते उरलेच नव्हते.

प्रस्तावाने अनेक पत्त्यांचं चित्र रंगवलं होतं. प्रत्यक्षात टोरमध्ये उतरला तो एक आयपीव्ही-४ आणि सोबत एक आयपीव्ही-६. अनेकांना हा आळशीपणा वाटतो. मला वाटत नाही.

पहिली गोष्ट, जाहीर केलेलं प्रत्येक दार उघडावं लागतं. रिले स्वतःचं वर्णनपत्र प्रसिद्ध करण्याआधी इतर रिलेंमधून फिरून स्वतःच्याच दारावर टकटक करून बघतो. नंतर विश्वस्त यंत्रंही तपासतात. त्यांच्यातल्या ज्यांना आयपीव्ही-६ उपलब्ध आहे, त्या यंत्रांना जाहीर केलेल्या आयपीव्ही-६ पत्त्यावर पोचता आलं नाही, तर ती त्या रिलेला ‘चालू’ म्हणून मत देत नाहीत, मग त्याचा जुना पत्ता कितीही ठणठणीत असो. म्हणजे दुसरं दार मदतीला घ्यावं, तर तेच कधी पहिल्यालाही बुडवतं. म्हणून रिले चालवणारे वर्षानुवर्षं ही उठाठेव टाळत राहिले. २०२१ च्या सुरुवातीला आलेल्या ०.४.५ आवृत्तीत टोर आपला आयपीव्ही-६ पत्ता आपणहून शोधायला आणि तपासायला लागला, तेव्हा कुठे ते सोपं झालं.

दुसरी गोष्ट यादीच्या वजनाची. यादीत एक ओळ वाढली की ती जगभरचा प्रत्येक वापरकर्ता उतरवून घेतो. रोजच्या दीड जीबीत घर चालवणाराही.

तिसरी गोष्ट खरी नाजूक. टोरमध्ये तुमचं रक्षण गर्दी करते. सगळ्यांकडे एकच यादी हवी, कारण याद्या वेगळ्या झाल्या की माणसं वेगळी ओळखू येतात. समजा एखाद्या लबाड रिलेला वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे पोर्ट सांगता आले. मग कोण कुठल्या दारातून आलं एवढ्यावरून तो माणूस ओळखेल, वेष्टनं न उघडता. मतैक्याची एकच यादी ही चाल बंद करते. गर्दी फुटू नये म्हणूनच टोरने आजवर फक्त आयपीव्ही-६ वर असलेले रिलेही घेतलेले नाहीत. अर्धे रिले उरलेल्या अर्ध्यांशी बोलू शकले नाहीत, तर जाळ्याचे तुकडे पडतात. मग मार्गातला एक रिले कळला की पुढचे कुठले असू शकतात हे आपोआप आकसतं, आणि पाळत ठेवणाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच.

आणि जाहीर यादी शत्रूही वाचतो. चीनने २००९ मध्ये ती यादीच घेतली आणि तिच्यातले पत्ते अडवले. दहा दारं जाहीर केली असती, तर दहाच्या दहा अडली असती. अडवणाऱ्याला त्यात एका ओळीचं काम. त्यावर टोरने ‘ब्रिज’ काढले, म्हणजे यादीत नसलेले, थोड्याथोड्या लोकांना गुपचूप सांगितले जाणारे रिले. मग चिनी यंत्रणा संशयित जोडणी दिसली की स्वतःच त्या पत्त्यावर जाऊन टोरच्या भाषेत बोलून बघू लागली. समोरून उत्तर आलं की अडवलं. स्वीडनच्या कार्लस्टाड विद्यापीठातल्या फिलिप विंटर आणि स्टेफान लिंडस्कोग यांनी २०१२ मध्ये याचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की अडवली जाते ती पत्ता आणि पोर्ट यांची जोडी, पूर्ण पत्ता नव्हे. त्याच यंत्राचा दुसरा पोर्ट तसाच मोकळा राहत होता. माझ्या मते अनेक पोर्टांची खरी जागा ही आहे : जाहीर रिलेंमध्ये नव्हे, ब्रिजमध्ये. मात्र तिथे वर सांगितलेली लबाडी परत डोकं काढते, कारण ब्रिजचा पत्ता माणसागणिक वेगळा देता येतो. ब्रिज चालवणारा भला आहे या भरवशावरच ते चालतं.

हे सगळं वडनेरात बसून वाचणाऱ्याने मनात विचारलं असेल : मी रिले चालवू शकतो का? उत्तर बहुधा नाही असंच आहे, आणि कारण पत्ता. रिलेला बाहेरून थेट पोचता येईल असा स्वतःचा आयपीव्ही-४ पत्ता लागतोच. मोबाइल डेटावर तो नसतो आणि फायबरच्या पुष्कळ घरगुती जोडण्यांवरही नसतो. तोही अनेकांत मिळून वापरला जातो. आयपीव्ही-६ पत्ता आहे, पण तेवढ्यावर टोर घेत नाही. राहिला मार्ग भाड्याच्या सर्व्हरचा. तिथे ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लागू होतात : व्हीपीएन आणि भाड्याचे सर्व्हर देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेले आयपी अशी माहिती पाच वर्षं जपून ठेवायची. त्यानंतर एक्सप्रेस व्हीपीएनसारख्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले.

वापरणाऱ्याचं काय? भारतात टोर वापरणं हा गुन्हा नाही. मात्र एक गैरसमज काढून टाकायला हवा. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये दंगलीनंतर आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी इंटरनेट बंद केलं गेलं. तेव्हा टोर काहीच करू शकत नव्हतं. संकेतस्थळ अडवलं, पोर्ट अडवला, रिलेचा पत्ता अडवला, तर दुसरी वाट काढता येते. सेवाच बंद केली की हजार पत्ते जाहीर करूनही एकाशी पोचता येत नाही.

जाळ्याला हातभार लावायला स्वतःचा पत्ता लागत नाही असा एक प्रकार मात्र आहे : ‘स्नोफ्लेक’. तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी जोड बसवायची. टोर अडवलेल्या देशातला माणूस व्हिडिओ कॉलसाठी वापरतात त्याच तंत्राने तुमच्या ब्राउझरपर्यंत येतो आणि तिथून टोरमध्ये शिरतो. सामाईक पत्त्यामागे असलात तरी चालतं. स्वतःचा पोर्ट उघडावा लागत नाही. ब्राउझर बंद केला की तुमचं दार नाहीसं, आणि दुसऱ्या क्षणी दुसरीकडे कुणाचं तरी उघडलेलं. एका यंत्राला अनेक दारं देण्याऐवजी हजारो यंत्रांना प्रत्येकी एक क्षणभंगुर दार. अडवणाऱ्याला टिकणारी यादी करणं अवघड जातं. २०२१ पासून हे टोर ब्राउझरच्या नेहमीच्या आवृत्तीत आहे.

माझं मत सांगून टाकतो. जाहीर रिलेला दोन पत्ते पुरेत. पण ब्रिजसाठी आयपीव्ही-४ ची सक्ती टोरने सोडावी. ब्रिजला सगळ्या रिलेंनी गाठायची गरज नसते, फक्त त्याच्याकडे येणाऱ्या माणसाने गाठायची असते, आणि तो स्वतः पुढच्या रिलेकडे जुन्या सामाईक पत्त्यावरूनही जाऊ शकतो. ही सक्ती आहे तोवर नव्या पत्त्यांवर जन्मलेलं भारताचं इंटरनेट या जाळ्याला फक्त वापरकर्ते देऊ शकेल, रिले फारसे नाहीत. तोवर ज्याला हातभार लावायचा आहे, त्याने आपला डेटा पॅक बघून स्नोफ्लेक बसवावं. त्यातून येणारा माणूस इंटरनेटवर बाहेर पडतो तो दुसऱ्याच कुणाच्या पत्त्यावरून, तुमच्या नव्हे. साखळीतला तो शेवटचा, ‘एक्झिट’ रिले मात्र घरच्या जोडणीवरून कधीही चालवू नका. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर पत्ता तुमच्या घराचा असतो.