सहा तारा, पंचाहत्तर किलो

नेहमीच्या हलक्या संचातल्या पोलादी तारा सुरात लावल्या की सहा जणी मिळून गिटारवर सुमारे ७५ किलोंचा ताण देतात. एक धडधाकट माणूस त्या पेटीला अहोरात्र लोंबकळतोय म्हणा ना. आणि ज्या फळीला तो लोंबकळतो, तिची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर. त्यामुळे जुनी गिटार बघायला गेलेला जाणकार तिच्या चकाकीकडे फारसं लक्ष देत नाही. गिटार डोळ्यापाशी धरून, एक डोळा मिटून, तो मानेच्या कडेवरून नजर टाकतो. ताणाने मान किती वाकलीय, पिळलीय का, हे तिथेच कळतं.

मग पोट. फळीवर चिकटवलेल्या आणि तारा अडकवलेल्या ब्रिजच्या मागे फळीला थोडा फुगवटा असणारच, पण ब्रिजच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकत असेल तर डिंक सुटलाय. आवाजाच्या भोकाची कड निरखली की वरची फळी अखंड लाकडाची की प्लायची, तेही समजतं. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर लाकूड अखंड. शेवटची परीक्षा सरळ पट्टीची. पट्टी पडद्यांवर ठेवून पुढे नेली की तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकावं. ते बरंच खाली जात असेल तर मानेचा कोनच बिघडलाय. चांगल्या गिटारची मान वाफ देऊन सांध्यातून सोडवतात, सांधा तासून पुन्हा बसवतात. स्वस्त गिटारवर हा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त होतो, तेव्हा अशी गिटार सरळ खाली ठेवावी. चरे, पोपडे, कुणीतरी मागे चिकटवलेला सिनेमाचा स्टिकर यांच्यावरून मात्र भाव पाडून घ्यावा, कारण आवाजाला त्यांचा काही उपद्रव नसतो.

मानेच्या आतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, ही तशी अलीकडची सोय. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं. मार्टिन कंपनीने मात्र चावीने फिरवता येईल असा रॉड १९८५ पर्यंत घातलाच नाही. आपल्याकडच्या स्वस्त गिटारींतही तो नसू शकतो, म्हणून घेण्याआधी विचारून घ्यावं.

गिटार हाताला सोयीची लावून घेण्याला, म्हणजे सेटअपला, क्रम असतो: आधी मान, मग नट (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी), शेवटी सॅडल (ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी). मान अगदी सरळही नको. पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर तार दाबून धरली की मधोमध ०.१ ते ०.२ मिलिमीटरची फट दिसावी, कारण कंप पावणारी तार मधेच सर्वांत जास्त झुलते. रॉड एका वेळी फार तर पाव फेरा फिरवायचा, तारा पुन्हा सुरात लावायच्या आणि मग बघायचं. चावी जोर मागू लागली की हात थांबवायचा. तारा उंच वाटल्या की लगेच रॉड पिळणारे उत्साही लोक असतात. रॉड मानेचा बाक सुधारतो, तारांची उंची ठरवणं हे त्याचं काम नाही.

ते काम नट आणि सॅडलचं. त्यातही नट हा सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि माझ्या मते निम्म्या गिटारी विकायला निघतात त्या त्याच्याच पापाने. कारखान्यात नटच्या खाचा मुद्दाम थोड्या उथळ ठेवतात. खोल गेल्या तर तार पहिल्या पडद्यावर खरखरते आणि माल परत येतो. उथळ राहिल्या तर दुकानात कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते नवशिक्याच्या बोटांना. एफ कॉर्डला पहिल्या पडद्यावर आडवं बोट टाकून सगळ्या तारा दाबायच्या असतात, तिथेच तारा सर्वांत ताठ लागतात. बोटं सोलतात, स्वर चढा निघतो, आणि ‘आपल्याला जमणार नाही’ असं ठरवून गिटार माळ्यावर जाते. तपासणं सोपं आहे. तार तिसऱ्या पडद्यापाशी दाबावी आणि पहिल्या पडद्यावर किती फट उरते ते पाहावं. केसाएवढी उरली तर ठीक. जास्त असेल तर त्या तारेच्या जाडीच्या बारीक कानशीने खाच उतरवायची, दोन-तीन हात मारून पुन्हा पाहायचं. खाच चुकून खोल गेलीच तर कारागीर तिच्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकून वर सुपरग्लूचा थेंब सोडतात. ते क्षणात दगडासारखं होतं आणि खाच नव्याने कोरता येते.

सॅडलला साधं गणित लागतं. बाराव्या पडद्यापाशी जाड तार सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तार पावणेदोन-दोन मिलिमीटर वर असली तर बहुतेकांच्या हाताला बरी पडते. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथली उंची अर्धा मिलिमीटर कमी करायची तर सॅडल एक मिलिमीटर घासायचं. घासायचं ते खालून, सपाट काचेवर पॉलिशपेपर ठेवून. तळ वाकडा झाला की आवाज मरतो. हात बसला असेल तर जुनं प्लॅस्टिकचं सॅडल काढून हाडाचं बसवावं. इतक्या कमी पैशात याहून मोठा बदल दुसरा होत नाही.

इतकं करूनही गिटार पूर्ण सुरेल होत नाही. तिचे पडदे समान अंतराच्या बारा स्वरांवर बेतलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा लागतो. अर्धस्वर म्हणजे १०० सेंट, तेव्हा हा फरक कानाला कळण्याइतका आहे. जी कॉर्ड गोड लागावी म्हणून बी तार किंचित उतरवली की ई कॉर्डचा पंचम पडतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाने इथे चडफडू नये.

महाराष्ट्रात हवा ही निराळीच कटकट. लाकूड ओलाव्याने रेषांना आडवं फुगतं. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये पोट वर येतं, तारा उंच होतात, आवाज दबतो. हीच गिटार मे महिन्यात नागपूरला नेली की पोट खाली बसतं, तारा पडद्यांवर खरखरतात, आणि मानेची पट्टी आक्रसल्याने पडद्यांची टोकं कडेबाहेर येऊन तळहाताला ओरखडे काढतात. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता गिटारला मानवते. कोकणात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, विदर्भात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवावा. सेटअप कुठल्या ऋतूत केला, हेही लक्षात ठेवावं लागतं.

गिटार आपलीशी करून घेण्यात पहिला निर्णय तारांचा. .०१२ इंचापासून सुरू होणारा संच काढून .०११ किंवा .०१० चा चढवला की ताण घटतो, बोटं सुखावतात, आवाजाचा भरणा थोडा जातो. ताण बदलला म्हणजे मानही पुन्हा पाहायची. डावखुऱ्यासाठी नुसत्या तारा उलटवून भागत नाही. नट नवा हवा, आणि तिरकं बसवलेलं सॅडलही उलट्या दिशेने तिरकं करावं लागतं.

या आपलेपणाची परिसीमा म्हणजे अमेरिकन गायक विली नेल्सन यांची ‘ट्रिगर’ ही गिटार. ही मार्टिनची नायलॉन तारांची एन-२०. १९६९ मध्ये त्यांच्या आधीच्या बाल्डविन गिटारवर कुणाचा तरी पाय पडला. नॅशविलच्या शॉट जॅक्सन यांनी त्या मोडक्या गिटारमधला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज अँप्लिफायरकडे नेणारा भाग, काढून या मार्टिनमध्ये बसवला. नायलॉनच्या गिटारला नखीपासून राखणारी पट्टी नसते आणि नेल्सन नखीने वाजवत राहिले, तेव्हा आवाजाच्या भोकाशेजारी दुसरं भोक पडलं. ते बुजवलेलं नाही. आतून लाकूड सांधून गिटार वाजती ठेवली आहे. मला हा निर्णय फार शहाणा वाटतो.

त्याच १९६९ मध्ये मार्टिनने ब्राझीलच्या रोजवुडऐवजी भारतातला शिसव वापरायला घेतला. म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवरही वाढणारं हे झाड अमेरिकन गिटारच्या पाठीला लागतं, आणि आपण सेकंडहँड बाजारात ‘इम्पोर्टेड’ म्हणून तिलाच जास्त पैसे मोजतो.

आणि मानेचा कोन बिघडलेली, मघाशी खाली ठेवलेली ती गिटार? मान पिळलेली नसेल तर तिलाही गिऱ्हाईक आहे. ब्रिजभूषण काबरा गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारेवर धातूची कांडी सरकवत राग वाजवत. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या रेकॉर्डवर शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत त्यांचीच गिटार आहे. या पद्धतीत तार पडद्याला टेकतच नाही, तेव्हा ती जितकी उंच तितकं बरं, आणि गंधारही पाहिजे तिथे लावता येतो. नटवर बसणारी उंच टोपी, जाड तारांचा संच आणि एक कांडी एवढ्यात काम होतं. मात्र तारा जाड झाल्या की ताण वाढतो, म्हणून त्या एक-दोन स्वर खाली लावाव्यात आणि ब्रिजखाली कागद सरकत नाही ना, हे दर महिन्याला पाहावं.