जुन्या बंदुकीच्या दस्त्यावरचे कातडे काय सांगते?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील जुन्या बागायतदार घराण्यांत बारा बोअरच्या विलायती दुनळी बंदुका अजून आढळतात. घरातील परवानेदार वारला की वारसांपुढे दोन प्रश्न येतात, परवान्याचा आणि किमतीचा. आम्ही कापडाचे व्यापारी, बंदुकीचा धंदा आमचा नव्हे. परंतु शिरूरकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बंदुकीत शिवणीचा प्रश्न निघाला, म्हणून आम्हांला बोलावणे आले.

बंदूक कायद्याप्रमाणे परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा होती. दस्त्याच्या मानेवर, म्हणजे मुठीत धरतो त्या बारीक जागेवर, काळ्या पडलेल्या कातड्याची चार बोटे रुंद पट्टी आवळून शिवली होती. पाहणारे म्हणत, "दस्ता मोडका आहे, निम्मा भाव." दौंडच्या एका सुतार मिस्त्रीने सुचवले की कातडे काढून टाकू, भेगेत लांबी भरू आणि पॉलिश मारू, कोणाला कळणारही नाही. वारसांना हा सल्ला पसंत पडत चालला होता.

दस्ता तेथेच का मोडतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. मान ही सर्वांत बारीक जागा असून आतून यंत्रासाठी कोरलेली असते. अक्रोडाच्या लाकडाचे रेषे मानेतून सरळ गेले असतील तर दस्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, तिरपे गेले असतील तर एका पडण्यात चिरतो. शिवाय बंदूक उभी ठेवून यंत्रात सढळ हाताने तेल घातले की ते लाकडात उतरते आणि लाकूड भुसभुशीत होते. पेच सैल राहिले तर प्रत्येक बाराच्या धक्क्याने लोखंड लाकडात पाचरीसारखे घुसते.

आता शिवण. रफूगराचे काम पाहून कापडाच्या व्यापाऱ्याला हात ओळखता येतो, तसेच हे. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. येथे मात्र दोरा एकच होता, त्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी ओवलेला. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. ही खोगिराची शिवण. टाके इंचाला आठ, सर्व सारखे. हौशी माणसाचा हात असा चालत नाही.

सुटलेल्या टोकाचा तसूभर धागा दुकानाबाहेर नेऊन, मेण पुसून जाळला. कागद जळाल्याचा वास आला आणि मऊ करडी राख पडली, म्हणजे सूत किंवा जवसाचा धागा. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. नायलॉन वितळून त्याचा टणक मणी होतो. नायलॉन 1938 साली जगापुढे आले, तेव्हा मणी झाला असता तर शिवण त्यानंतरची ठरली असती. साधा धागा निघाला म्हणून शिवण जुनीच, असे मात्र म्हणता येत नाही. सुती दोरा आजही बाजारात मिळतो.

नळ्यांच्या खालच्या बाजूस बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे छाप होते. ते प्रूफ हाउस 1813 च्या कायद्याने स्थापन झालेले. त्यांत 'नॉट फॉर बॉल' हाही छाप होता, आणि तो 1875 ते 1887 या काळातला. म्हणजे डागडुजी त्याआधीची असूच शकत नाही.

आमच्या भागात असा हात कोठून आला, याचे नवल वाटायला नको. शिरूर ही इंग्रजांची जुनी छावणी. 1818 च्या कोरेगावच्या लढाईसाठी कॅप्टन स्टाँटनची तुकडी येथूनच निघाली होती. पुढे पूना हॉर्स या घोडदळाचा मुक्कामही येथे होता. घोडदळ तेथे जीन आणि जीन तेथे जीनगर. दौंडला 1878 मध्ये मनमाडची रेल्वे जोडली गेली, तेथे फिटरचा हात तयार झाला. फिटरने हीच भेग पितळी पत्रा आणि पेच मारून धरली असती. जीनगराने न कमावलेले कातडे भिजवून गुंडाळले. ते वाळताना आकसते आणि भेग शिकंज्यासारखी दाबून धरते. लाकडाला एकही नवे भोक पडले नव्हते. आमच्या मते पितळी पत्र्यापेक्षा ही डागडुजी सरस.

कातड्याच्या कडेला जुना सरस दिसत होता. सरस कोमट पाण्याने मऊ होतो, त्यामुळे पुढे कधी हे काम उलगडून पुन्हा नीट करता येईल. लांबी आणि अ‍ॅराल्डाइट भरले की तो रस्ता बंद. वर पॉलिशपेपर फिरवला तर मुठीवरची कोरीव जाळी जाते आणि जुन्या बंदुकीची किंमतही तिच्याबरोबर जाते. भेग झाकून विकणे म्हणजे रफू केलेला शालू कोरा म्हणून विकणे.

आमच्या सुतार बंधूंसाठी एक गोष्ट अधिक महत्त्वाची. "दस्ता लाकडाचा, त्यात हत्यार कोठे?" असे ते म्हणतात. 1959 च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दात सुटे भागही येतात, आणि कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षांची कैद आहे, जन्मठेपेपर्यंतही जाऊ शकते. ओळखीच्या गिऱ्हाइकाचे शे-दोनशे रुपयांचे काम म्हणून दस्ता दुकानात ठेवून घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. वारसांनीही बंदूक घरात न ठेवता विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी.

शिरूरच्या त्या बंदुकीचे कातडे जागेवरच राहिले. विक्रेत्याच्या परवानाधारक कारागिराने फक्त यंत्राचे पेच आवळले आणि लाकडात मुरलेले तेल टिपून काढले. मानेची भेग आणि तिच्यावरची खोगिराची शिवण, दोन्ही विक्रीच्या कागदावर लिहिली आहेत.