ट्यूबलाइटचा बंद पडलेला इलेक्ट्रॉनिक चोक

दुसरी चांगली ट्यूब लावूनही दिवा लागत नसेल, तर दोष बहुधा इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये असतो. या चोकमध्ये २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे प्रथम दिष्ट प्रवाहात रूपांतर होते व आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो. बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकत असल्याने उघड्या चोकला हात लावणे जिवावर बेतू शकते. म्हणून वीजपुरवठा तोडून कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करावा व मीटरने खात्री करून घ्यावी. उष्णतेने फुगलेला कपॅसिटर बदलताना नवा तितक्याच मायक्रोफॅरडचा, किमान ४०० व्होल्टचा व १०५ अंश सेल्सियस तापमान सोसणारा असावा. फ्यूज जळला असेल, तर ट्रान्झिस्टरही बहुधा शॉर्ट झालेले असतात. ते न तपासता घातलेला नवा फ्यूज तत्काळ जळतो, आणि त्याजागी साधी तार घालणे म्हणजे आगीस निमंत्रणच होय.