आडनावाचा रकाना

सकाळी 9. चेंबूरच्या डायमंड गार्डनजवळच्या आमच्या छोट्या ऑफिसात बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांसाठी नोंदणीचं सॉफ्टवेअर बनतं. कुलूप काढतेय तोच फोन. "मॅडम, लसीच्या कार्डावर 'बेबी नल' छापून आलंय. बाळाची आजी विचारतेय, हे कोणी ठेवलं?" जावा या प्रोग्रामिंग भाषेत मजकुराला रिकामा संदर्भ, म्हणजे नल, जोडला तर ती अडत नाही, 'नल' हा शब्दच चिकटवून देते.

9.20. दुसऱ्या दवाखान्याच्या लॉगमध्ये नल पॉइंटर एक्सेप्शन. रुग्णाचा पालक, पालकाचं आडनाव, आडनावाच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटणं, असं सगळं एकाच ओळीत. जुनी जावा फक्त ओळीचा क्रमांक सांगायची. त्या साखळीतली कुठली कडी रिकामी, ते आपण हुडकायचं. 2020 मध्ये आलेल्या 14व्या आवृत्तीपासून संदेश तेही सांगू शकतो. पालक आहे, आडनाव नाही.

10. टीममधला नवा मुलगा लगेच 'इफ' लिहून मोकळा: नल असेल तर रिकामा मजकूर. एरर गेली. मी मंजुरी देत नाही. "अरे, पण आडनाव का नाही, ते बघितलंस का?" कुटुंब तमिळ, छेडानगरचं. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, मग स्वतःचं नाव, संपलं. चेंबूरमध्ये अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तो म्हणतो, मग रकाना सक्तीचा करू. सक्ती केली की काउंटरवरची ताई तिथे टिंब टाकते, आणि टिंब नलपेक्षा वाईट. ते प्रत्येक तपासणीतून बिनबोभाट पुढे सरकतं.

12. आता बाळाकडे. त्याचं बारसंच व्हायचंय. कायद्यालाही हे ठाऊक आहे: 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नाव न घालता जन्म नोंदवता येतो आणि 12 महिन्यांच्या आत नाव घालायला शुल्क लागत नाही. आईच्या नावाचं आणखी वेगळं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्राने बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला. त्याआधीच्या मुलांच्या आमच्याकडच्या नोंदींत आईच्या नावाचा रकाना मोकळा, कारण तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं. आडनाव नाहीच, नाव अजून नाही, आईचं नाव विचारलं नाही: तिन्हींसाठी मशीनपाशी एकच नल.

1.15. डबा.

2. हा नल आला कुठून? संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 मध्ये अल्गॉल डब्ल्यू भाषेत नल संदर्भ आणला, करायला सोपा होता म्हणून. 2009 मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मला वाटतं, ते स्वतःवर जरा जास्तच कडक झाले. रिकामेपणा जगात आहेच. खटकतं ते एवढंच, की कुठला संदर्भ रिकामा असू शकतो हे कंपायलरला कळायची सोय नव्हती. कॉटलिन भाषेत ती आहे: प्रकारापुढे प्रश्नचिन्ह नसेल, तर नल आत शिरत नाही.

आमचं काम मात्र जावात. म्हणून नावाचा वेगळा क्लास. ऑब्जेक्ट तयार होतानाच तपासणी, आणि नाव कसं छापायचं ते त्याचं त्यालाच माहीत. आडनाव नसलेल्या माणसाचा वेगळा उपवर्ग, बारसं न झालेल्या बाळाचा वेगळा. तो 'बाळ' लिहून पुढे आईचं नाव जोडतो. मग कार्ड, बिल, एसएमएस यांतले विखुरलेले 'इफ' पुसून टाकायचे. दुपारचं हे पुसणं मला लिहिण्याहून आवडतं.

4.30. डेटाबेसचा जाच. 'ज्यांचं आडनाव पाटील नाही ते काढ' म्हटलं, तर एसक्यूएल आडनाव नसलेल्यांनाही वगळतं. नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर हो नाही, नाही नाही, 'अज्ञात'. ओरॅकल तर रिकामा मजकूरही नलच मानतं. म्हणून 'का नाही' याचा स्वतंत्र कॉलम.

6.45. चाचण्या हिरव्या, नवी आवृत्ती दवाखान्यांकडे रवाना. फॉर्म बनवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती: आडनावाच्या रकान्यापुढची लाल चांदणी काढा आणि 'आडनाव नाही' अशी एक चौकट द्या.