मॅग्निट्यूड की इन्टेन्सिटी?

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. सातारा जिल्ह्यातील कोयनानगरचा परिसर भूकंपाच्या जबरदस्त धक्क्याने हादरला. घरे कोसळली, सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. हा धक्का सांगलीला आणि थेट पुण्या-मुंबईलाही जाणवला.

विद्यार्थिमित्रांनो, या भूकंपाविषयी तुम्हांला इंग्रजीत दोन वाक्ये लिहायची आहेत असे समजा. पहिले : भूकंप ६.३ इतका होता. दुसरे : त्याचा जोर सांगलीपेक्षा कोयनानगरला अधिक होता. पहिल्या वाक्यात मॅग्निट्यूड हा शब्द घालाल की इन्टेन्सिटी? आणि दुसऱ्यात? शब्दकोशात दोहोंचे अर्थ जवळजवळचे दिसतात. आपली वर्तमानपत्रे तर पुष्कळदा दोहोंसाठी ‘तीव्रता’ हा एकच शब्द वापरतात. भूकंपशास्त्रात मात्र एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

जत्रेतला ढोल आठवा. ढोलावर टिपरू एकाच जोराने पडते. पण ढोलाजवळ उभे राहणाऱ्याचे कान बधिर होतात, आणि वेशीबाहेरच्या माणसाला तोच आवाज पुसट ऐकू येतो. टिपरू किती जोराने पडले ते मॅग्निट्यूड. तुमच्या जागी आवाज किती आला ती इन्टेन्सिटी. या लेखापुरते आपण पहिलीला ‘महत्ता’ आणि दुसरीला ‘तीव्रता’ म्हणू.

महत्ता यंत्राच्या नोंदीवरून काढतात. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली कॅलिफोर्नियात तिची मोजपट्टी तयार केली. आज तिच्या जागी बहुधा सुधारित पद्धती वापरतात. महत्ता १ ने वाढली की जमिनीच्या कंपनांचा आवाका १० पट होतो आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. एका भूकंपाची महत्ता एकच. ती गावागणिक बदलत नाही.

तीव्रता मात्र परिणामांवरून ठरते. मेर्काली यांच्या नावाच्या सुधारित श्रेणीत १२ पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर धक्का थोड्यांनाच जाणवतो. मधल्या पायऱ्यांवर झोपलेले जागे होतात, गिलाव्याला तडे जातात. आठवीवर कच्ची घरे ढासळतात. कोयनानगरला तीव्रता ८ च्या आसपास होती. दूरच्या गावी ती कमी झाली. अंतराप्रमाणेच जमिनीच्या प्रकारावरही ती अवलंबून असते.

हा फरक केवळ परीक्षेतल्या गुणांपुरता नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपाची महत्ता सुमारे ६.२, म्हणजे कोयनेइतकीच. पण तेथे हजारो माणसे दगावली. दाट वस्तीत, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छप्पर झोपलेल्यांवर कोसळले. नुसता महत्तेचा आकडा ऐकून संकट किती मोठे, हे कळत नाही. शिवाय महत्ता माणसाच्या हाती नाही. घर कसे बांधायचे हे मात्र आहे.

शब्द लक्षात ठेवायची एक युक्ती सांगतो. मॅग्निट्यूडच्या मुळाशी लॅटिनमधला ‘मॅग्नस’ हा शब्द आहे. तो आपल्या ‘महत्’चा भाऊबंद. इन्टेन्सिटीच्या मुळाशी ताणणे हा अर्थ आहे आणि तिचे नाते ‘तन्’ या संस्कृत धातूशी, म्हणजे आपल्या ‘ताण’शी. भूकंप किती महान, ते मॅग्निट्यूड. तुमच्या गावावर किती ताण आला, ती इन्टेन्सिटी.

आता एक उपक्रम. सातारा-सांगलीकडच्या गावांत १९६७ ची ती पहाट आठवणारी वडीलधारी माणसे आजही भेटतील. झोपमोड झाली का, फळीवरची भांडी पडली का, भिंतीला तडा गेला का, हे त्यांना विचारा. उत्तरांवरून प्रत्येक गावाची पायरी अंदाजे ठरवा आणि नकाशावर लिहा. सारखे आकडे असलेली गावे रेषेने जोडा. या झाल्या समतीव्रता रेषा. शास्त्रज्ञही त्या अशाच काढतात. नकाशावर तीव्रतेचे आकडे अनेक येतील. महत्तेचा आकडा किती वेळा लिहावा लागेल? एकदाच, नकाशाच्या कोपऱ्यात!