मुखवट्याआडचे टल्सा

ओक्लाहोमातील टल्सा शहराचा ग्रीनवुड हा कृष्णवर्णीयांचा भाग एके काळी दुकाने, हॉटेले, दवाखाने, चित्रपटगृहे यांनी गजबजलेला होता. ३१ मे १९२१ रोजी लिफ्टमध्ये एका गोऱ्या तरुणीवर हात टाकल्याच्या आरोपावरून अटकेत असलेल्या डिक रोलंड या बूटपॉलिशवाल्या तरुणाला फासावर लटकवण्यासाठी न्यायालयापुढे जमाव जमला. दुसऱ्या दिवसापर्यंत गोऱ्या जमावाने ग्रीनवुडचे पस्तीसेक ब्लॉक जाळून खाक केले होते. हजाराहून अधिक घरे गेली. मृतांचा आकडा तीनशेपर्यंत असावा, असे इतिहासकार मानतात. पुढे रोलंडवरील खटला मागे घेतला गेला. विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली आणि शाळांच्या पुस्तकांनी कित्येक दशके मौन पाळले. राज्याने नेमलेल्या आयोगाचा अहवाल यायला २००१ साल उजाडले.

२०१९ साली एचबीओवर आलेली ‘वॉचमेन’ ही नऊ भागांची मालिका याच जळत्या शहरातून सुरू होते. तिचे कर्ते डेमन लिंडेलॉफ यांना या हत्याकांडाची माहिती झाली ती ता-नेहिसी कोट्स यांच्या २०१४ मधील नुकसानभरपाईवरील लेखातून. सुपरहिरोंच्या मालिकेत हा इतिहास का आला, याचे उत्तर मूळ चित्रकादंबरीत आहे.

अ‍ॅलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी चितारलेली ‘वॉचमेन’ १९८६-८७ मध्ये बारा अंकांतून आली. मुखवटा चढवून न्याय करायला निघालेला माणूस खरोखर कोण असतो, हा तिचा प्रश्न. त्यात हूडेड जस्टिस नावाचा पहिला मुखवटाधारी आहे. डोक्यावर टोपडे, गळ्यात फास. तो सर्कशीतला जर्मन पहिलवान असावा, असा एका पात्राचा तर्क आहे. खात्रीलायक उत्तर मूर देत नाहीत.

मालिकेने नेमकी हीच मोकळी जागा हेरली. टल्सातून वाचलेला मुलगा विल रीव्ह्ज मोठा होऊन न्यूयॉर्कमध्ये पोलीस होतो. गोरे सहकारी त्याला झाडाला लटकवतात आणि जीव जाण्याआधी खाली उतरवतात. घरी परतताना, गळ्यातला फास तसाच ठेवून, तो एका जोडप्याला गुंडांपासून वाचवतो. पुढे टोपड्यातून दिसणारी डोळ्यांभोवतीची कातडी तो पांढरी रंगवतो, कारण कृष्णवर्णीय तारणहार लोकांना चालणार नाही. सहावा भाग हे सारे बहुतांशी कृष्णधवल चित्रणातून मांडतो. आजोबांच्या आठवणी साठवलेल्या गोळ्या गिळून विलची नात अँजेला ते स्वतः भोगते. आता मूळ पुस्तक पुन्हा उघडले की त्या फासाकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. एकही चौकट न बदलता जुन्या चित्राचा अर्थ पालटला आहे.

दुसरी जोडणीही तितकीच विचारपूर्वक आहे. कादंबरीच्या शेवटी रोर्शाक या मुखवटाधारी पात्राची रोजनिशी एका उजव्या वृत्तपत्राच्या कचेरीत पोचते. चौतीस वर्षांनंतर मालिकेत त्याचाच मुखवटा घालून वर्णद्वेष्ट्यांची टोळी हिंडते, आणि तिच्या भीतीने पोलीसही तोंडे झाकतात. कायदा आणि झुंड दोघेही मुखवट्याआड गेल्यावर नागरिकाने कुणाकडे पाहायचे?

मूर यांना मात्र आपल्या पुस्तकाची अशी रूपांतरे मान्य नाहीत. प्रकाशकाशी झालेल्या करारानुसार पुस्तक छपाईबाहेर गेले की हक्क मूर आणि गिबन्स यांच्याकडे परतणार होते. ते कधी छपाईबाहेर गेलेच नाही. या सगळ्या रूपांतरांपासून त्यांनी आपले नाव दूर ठेवले, आणि त्यांचा राग रास्त आहे. मालिकेतही उणिवा आहेत: व्हिएतनाममध्ये घडणारा कथाभाग घाईत उरकला जातो, शेवटचा भाग कटकारस्थानांच्या गुंत्यात अडकतो.

तरीही माझे मत ठाम आहे. २०२० मध्ये मालिकेला मिळालेल्या अकरा एमी पुरस्कारांपेक्षा तिची मोठी कमाई ही, की असंख्य प्रेक्षकांनी ग्रीनवुडचे नाव प्रथमच ऐकले. लोकप्रिय कथेचा पुढचा भाग लिहायचाच असेल, तर जुन्या पात्रांची मिरवणूक काढण्यापेक्षा मूळ कथेने न विचारलेला प्रश्न विचारावा. वाचकांनी आधी कादंबरी वाचावी, मग मालिका पाहावी आणि तेवढ्यावर न थांबता टल्साचा खरा इतिहासही वाचावा.